पडद्याची पाठ

फाल्गुन लागला की मला संशय यायला लागतो. इतरांना या दिवसांत पळस दिसतो, कैऱ्या दिसतात, माठ घ्यायची आठवण होते. मला भिंत आणि पडदा यांच्यामधली बोटभर फट दिसते. ऊन तापायला लागलंय, गुऱ्हाळं थंडावली आहेत, चौकाचौकात गावोगावच्या यात्रांचे फलक लागलेत आणि आज मी पुन्हा एकदा आमच्या कोल्हापूरच्या त्या कलादालनात जाऊन आले. लोक तिथे चित्रं बघायला जातात, मी पहाऱ्यावर जाते.

संशय हा आमच्या घरचा वारसा आहे आणि तो अम्माकडून आला. अब्बा भोळे होते. अम्मा तराजूचा काटा वाकून बघायची, दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट घालून चाखायची, डॉक्टरने गोळ्या दिल्या तर त्या मेडिकलवाल्याला दाखवायची आणि मेडिकलवाला काय म्हणाला ते पुन्हा डॉक्टरला सांगायची. कुणी म्हणालं, "अहो भाभी, जरा विश्वास ठेवा की," तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "विश्वास पानपतात गेला." घरात आमची बोली अर्धी दखनी, अर्धी कोल्हापुरी. लाडात आली की अम्मा दखनीत बोलायची. संशय मात्र तिला कायम कोल्हापुरीतच यायचा.

आमचं घर पेठ वडगावात. अब्बा तिथे नाटकाचे पडदे रंगवायचे. दुकानांच्या पाट्याही करायचे, पण पाट्या पोटासाठी आणि पडदे जिवासाठी. यात्रा असो की उरूस, त्या काळी गावातलं हौशी मंडळ नाटक बसवायचंच, आणि नाटक म्हटलं की मागे देखावा हवा. दरबार, जंगल, देऊळ आणि रस्ता असे चार पडदे असले की कुठलंही नाटक उभं राहायचं. ते आमच्याकडून भाड्याने जायचे. यात्रा चैत्रात सुरू व्हायच्या, म्हणून नवे पडदे रंगवायचे ते फाल्गुनात. ऊन कडक, हवा कोरडी, पावसाची भीती नाही.

अम्मा मशीनवर मांजरपाटाचे पट्टे जोडून अंगणाएवढं कापड शिवायची. चिंचोके भाजून, दळून त्याची खळ शिजायची. ती कापडाला चोपडली की ते कडक व्हायचं, मग वर रंग. रंगात घालायचा सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा डिंक, दुसऱ्या चुलीवर उकळत असायचा आणि त्याचा वास इतका घाण की शेजारचे लोक फाल्गुनात आमच्याकडे चहाला येत नसत. मला अजूनही कुठे तो वास आला तर भूक लागते, कारण सरस उतरल्यावर त्याच चुलीवर भाकरी व्हायची. कापड जमिनीवर अंथरलेलं असायचं आणि अब्बा बांबूला कुंचला बांधून, अनवाणी, त्याच्यावरून चालत चालत रंगवायचे. जवळून बघितलं तर नुसते फराटे. अब्बा म्हणायचे, "गच्चीवर जाऊन बघ." गच्चीवरून बघितलं की खाली रस्ता असायचा, दोन्ही बाजूंना माड्या, वळणावर एक झोपलेलं कुत्रं. मी खाली येऊन पुन्हा बघायची तर कुत्र्याच्या जागी चार फराटे. आपल्या डोळ्यांवरही फार विसंबून राहू नये, हे मी त्या जिन्यावर शिकले.

खळीच्या वासाने शेजारची शेरडं यायची. एका शेरडाने ओल्या दरबाराचा एक खांब चाटून साफ केला होता. अब्बा हसत बसले. अम्माने मात्र शेरडाच्या मालकिणीला बोलावून घेतलं. तिचं म्हणणं, शेरडू आपणहून आलेलं नाही, त्याला सोडलंय.

या सगळ्या संशयाला एक जागा मात्र खरी होती. पडदे भाड्याने गेले की बदलून यायचे. एका यात्रेत दोन-दोन नाटकं, चार ठिकाणचे पडदे, एकाच टेम्पोत सगळ्यांच्या गुंडाळ्या. गडबडीत कुणाचं जंगल कुणाकडे जाई, आणि कधीकधी गडबड नसतानाही जाई. आपलं विटकं जंगल देऊन दुसऱ्याचं ताजं जंगल ठेवून घेणारे महाभाग होतेच. बाकीचे पडदेवाले म्हणून पाठीमागे आपलं नाव लिहायचे. अम्माला ते पटायचं नाही. नाव काय, कुणीही पुसून दुसरं लिहील. मग तिने तिची युक्ती काढली. पडदा वाळला की तो उलटा करायचा, आणि ती परातीत कालवलेल्या गेरूत उजवा पाय बुडवून पाठीच्या कोपऱ्यात एक ठसा उमटवायची. "पायाची नक्कल कोन करनार?" ती म्हणायची.

अम्माच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा चांगलंच लांब होतं. अशी बाई नवऱ्यावर राज्य करते, असं आपल्याकडे म्हणतात. अब्बा गिऱ्हाइकांना तो ठसा दाखवून सांगायचे, "ही सरकारी मोहोर हाय. आमच्या सरकारची." अम्मा रागावल्यासारखं करायची.

परत आलेला पडदा अंगणात पाठ वर करून पसरल्याशिवाय आणलेल्या माणसाला पाणी मिळत नसे. अम्मा चप्पल काढून कोपऱ्यात जायची आणि ठशावर आपला पाय ठेवून बघायची. बोटं बोटांवर बसली की मग म्हणायची, "बसा, च्या टाकतो." एकदा एका मंडळाचा माणूस जंगल घेऊन आला. पाठ कोरी.

"पावणं, ह्यं जंगल तुमचं. आमचं कुटं हाय?"

"वैनी, देवाशप्पत त्योच हाय. पावसात भिजलाय, म्हून पुसलं आसंल."

"चैतात कुटला पाऊस झाला वो तुमच्यात?"

तो माणूस तसाच टेम्पोत बसून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आमचं जंगल आणून टाकलं. त्या दिवसापासून घरात अम्माच्या संशयाला कुणी हसलं नाही.

पुढे नाटकं कमी झाली. यात्रेत ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे आला, देखावे फ्लेक्सवर छापून मिळू लागले. आमचे पडदे माळ्यावर गेले. दरबार उंदरांनी खाल्ला, जंगल आणि देऊळ ओलीने गेलं. अब्बा गेले तेव्हा फक्त रस्ता शिल्लक होता. त्यानंतर कलादालनाची माणसं घरी आली. जुन्या रंगभूमीचं एक दालन करायचंय, हा पडदा काही वर्षांसाठी द्याल का, म्हणाली. माझा भाऊ सलीम लगेच हो म्हणाला. अम्माने आधी पडदा उलटा करायला लावला, त्या शिकलेल्या माणसांना कोपऱ्यात उकिडवं बसवलं आणि ठसा दाखवला. "बगून ठिवा. परत देताना ह्यो लागंल."

माझं सासर कोल्हापुरात, कलादालनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दालन उघडलं तेव्हा मी अम्माला घेऊन गेले. आत गारवा, मंद दिवे, काचेत मुकुट, लाकडी तलवारी, पायपेटी. आणि समोरच्या भिंतीवर आमचा रस्ता. अम्मा दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "ह्ये आभाळ ह्येंचं न्हाय."

आभाळ खरंच निळं दिसत होतं, आमच्याकडे होतं त्यापेक्षा निळं. तिथल्या माणसाने सांगितलं, धूळ काढली, म्हणून रंग उघडला. अम्माने मान हलवली, पण ती मान मी ओळखत होते. दूधवाल्यासमोर ती अशीच हलायची. मग तिने पाठ बघायला मागितली. पडदा भिंतीला लावलेला, मागे जेमतेम बोटभर फट आणि अंधार, पाठ कशी दाखवणार?

तिथून दर फाल्गुनाचा एक नेमच झाला. अम्मा वडगावहून एस.टी.ने यायची, जेवण झालं की म्हणायची, "चल, बगून येऊ." तिला वाचता येत नव्हतं. पडद्याखालची पाटी ती दर वर्षी मला वाचायला लावायची. त्यात अब्बांचं नाव आणि गाव व्यवस्थित होतं. मी वाचलं की ती बाजूने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी कॉलेजच्या मुलीला थांबवायची, "बाळ, ह्येच्यावर काय लिवलंय गं?" म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही, त्याची खातरजमा. पोटच्या पोरीचीही सुटका नव्हती. मग ती भिंतीला गाल लावून फटीत एक डोळा घालायची. तेवढ्यात पहारेकरी दत्तूमामा ओरडायचे, "ओ मावशी! हात लावायचा न्हाय!"

"हात कुटं लावलाय? डोळा लावलाय."

"डोळा बी लांबनंच लावायचा."

त्यांना वाटायचं ही बाई एक दिवस पडदा ओढून खाली पाडणार. हिला वाटायचं हा माणूस रोज इथे उभा असतो तो काहीतरी लपवायलाच. ती दुसऱ्या दालनात गेली तरी दत्तूमामा दोन पावलं मागे, आणि ती मध्येच गर्रकन वळून ते काय करतात ते बघणार.

तिच्याबरोबर फिरून फिरून मलाही तो रोग लागला. संग्रहालयात गेलं की आपण किती मुकाट्याने मान डोलवतो! काचेखाली एक तलवार असते, पाटी म्हणते अमक्या सरदाराची, आपण म्हणतो अरे वा. कुणी बघितलंय? नाटकाला गेलं तर समोरचा राजा खोटा आहे हे राजालाही माहीत असतं आणि आपल्यालाही, तिथे फसवणूक नाही. इथे मात्र सगळं खरं असल्याची हमी, आणि हात लावायची बंदी. मी एवढं बोलले तर नवरा म्हणायचा, तुझी आई झालीस. मला आधी राग यायचा, मग वाटायचं, असू दे. कुणीतरी व्हायलाच हवं.

पण खरं सांगते, मला भीती वाटायची. पडदा खरंच आमचा नसला तर? अब्बांनी आयुष्यभर रंगवलं त्यातलं एवढंच उरलं होतं. त्यांच्या पाट्या दुकानदारांनी बदलल्या, बाकीचे पडदे उंदरांच्या आणि ओलीच्या पोटात गेले. हा रस्ता दुसऱ्या कुणाचा निघाला असता तर अब्बांच्या हाताचं जगात काहीच नव्हतं.

मग तो फाल्गुन आला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. कलादालनाची फरशी बदलायची होती, म्हणून सगळी दालनं रिकामी करत होते. पुण्याहून नव्या मॅडम आल्या होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी सलीमला फोन केला. पडदा आता काही वर्षांसाठी नको, कायमचा द्या, नाहीतर परत घेऊन जा, दोन्हींपैकी काय ते ठरवा. परत आणून ठेवणार कुठे? माळ्यावर उंदीर होतेच. सलीम म्हणाला देऊन टाकू. अम्मा म्हणाली, "पाठ बगितल्याबिगर न्हाय." या वेळी पडदा उतरवणारच होते. मॅडम म्हणाल्या, या, बघा.

आदल्या दिवशी अम्मा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत कागदात बांधलेली गेरूची पुरचुंडी होती. "हे कशाला?" मी विचारलं.

"त्येंनी दुसऱ्या कुनाचा पाय उमटवून ठिवला आसंल तर? मी शेजारी माझा उमटवतो आन् बगतो."

मी कपाळाला हात लावला. आणि मनात म्हटलं, हे मला का सुचलं नाही?

कलादालनातच एक छोटं नाट्यगृह आहे. त्याच्या रंगमंचावर पडदा पालथा पसरला होता. पुन्हा कितीतरी वर्षांनी तो जमिनीवर, आणि पाठ वर. अम्मा पायऱ्या धरून धरून वर गेली. सांधे धरलेले, पाय सुजलेले. आणि मी बघितलं, पाठ पांढरी होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरंशुभ्र, नवं कापड.

मॅडमनी सांगितलं. पडद्याचं मूळ कापड कुजत चाललं होतं, पट्ट्यांच्या शिवणी उसवत होत्या, म्हणून दालन उघडायच्या आधीच मागून अस्तर चिकटवलं. त्यांच्या आधीच्या लोकांनी ते केलं होतं. आता ते काढायला गेलं तर रंग निघून येईल.

"म्हंजे ठसा खाली हाय."

"असणार, आजी."

"आसनार," अम्मा म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर संशयाऐवजी मी पहिल्यांदाच थकवा बघितला. चोरी झाली असती तर ती भांडली असती. पण कुणीतरी जपण्यासाठी म्हणून पाठ झाकली होती, आणि जपणाऱ्याशी भांडायचं कसं? आता कधीच कळणार नव्हतं. मला रडू फुटलं. मॅडमना वाटलं असेल, केवढ्या भावनाप्रधान बाई. मला राग आला होता.

अम्मा रंगमंचाच्या कडेला बसली. थोड्या वेळाने तिने चपला काढल्या. दत्तूमामा सवयीने पुढे झाले, "मावशी, त्येच्यावर पाय न्हाय हं द्यायचा."

"दत्तू, एक परात आन. न्हायतर बशी आन. आन् वाईच पानी."

पिशवीतून पुरचुंडी निघाली तेव्हा मला उमजलं. मॅडमना मीच समजावलं. परत आलेल्या पडद्याची रीत, पायाचा ठसा, आमचं परत आलेलं जंगल, सगळं. मॅडमनी आधी त्या पांढऱ्या कापडाकडे बघितलं, मग अम्माच्या पायाकडे. मला वाटलं, आता नियम सांगणार. त्या म्हणाल्या, "अस्तर आमचं आहे. मूळ पडद्याला ओल लागणार नसेल तर... आजी, पाणी अगदी कमी घ्या." आणि मग त्यांनी स्वतःच्याही चपला काढल्या, का ते त्यांनाच ठाऊक.

दत्तूमामांनी कँटीनची बशी आणली. अम्माने गेरू बोटाने कालवला, घट्ट, भाकरीच्या पिठासारखा. उभं राहून एका पायावर तोल सावरणं आता तिला जमत नव्हतं. एका बाजूने मी धरलं आणि दुसऱ्या बाजूने, इतकी वर्षं तिला हात लावू नका म्हणणाऱ्या दत्तूमामांनी तिचा दंड धरला. तिने पाय टेकला, पूर्ण भार दिला आणि उचलला.

"आन् मागचा, खालचा?" मी विचारलं. "तो आपला होता का, ते कसं कळणार?"

"मागचं मागं," ती म्हणाली. "हितनं फुडं तरी कुनाला बदलू द्येत न्हाय." मग मॅडमकडे वळली. "ठिवा. पर मी बगाय येनार."

परतीच्या वाटेवर ती एका कट्ट्यावर बसून फडक्याने पाय पुसू लागली. मी पुन्हा विचारलं, खरं सांग, तुला काय वाटतं, आपलाच आहे ना? ती म्हणाली, "कुत्रं बगितलंस न्हवं? वळनावरचं?" मी म्हटलं, हो, आहे की. "मग झालं," ती म्हणाली. पण पडदा तर पालथा होता. त्या दिवशी कुत्रं तिने बघितलंच नव्हतं, आणि मीही नाही. तिने मला गप्प केलं की स्वतःला, हा संशय माझा अजून फिटलेला नाही.

त्यानंतर अम्मा फक्त एकदा आली. आज तिला जाऊन काही वर्षं झाली.

नव्या दालनात पडदा भिंतीपासून थोडा पुढे टांगलाय, वारा खेळावा म्हणून. आज दुपारी दालनात कुणी नव्हतं. दत्तूमामा आता निवृत्त झालेत, त्यांच्या जागी एक तरुण पहारेकरी आहे, आणि त्याचाही माझ्यावर डोळा असतो. तो दाराकडे गेला तशी मी भिंतीला गाल लावला आणि फटीत मोबाइलचा दिवा धरला. कोपऱ्यात ठसा होता. सुजलेला, रुंद, कडेने फुटलेला, आमच्या अंगणातल्या त्या बारीक पावलाशी काही नातं नसलेला. फक्त अंगठ्याशेजारचं बोट लांब.

"मॅडम, काय बघताय तिथं? हात लावू नका," पहारेकरी मागून म्हणाला.

मी म्हटलं, "बदलला तर नाही ना, बघत होते."

"हितलं कोन कशाला बदलंल?"

मी त्याच्याकडे बघून अम्मासारखी मान हलवली. पडदा अब्बांचा आहे, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही. पाय अम्माचा आहे.